घरातच चोर असू दे

काट्यावर उभं करण्याआधी मुंगीच्या आईने लेकीचा स्वेटर काढला, मोजे काढले आणि केसांतली पिनसुद्धा काढून घेतली.

"पिनेचं काय वजन भरणार आहे?" दारात उभा असलेला मुंगीचा बाबा म्हणाला.

"खोटं एक ग्रॅमही नकोय मला."

काटा हलला, थरथरला आणि गेल्या रविवारी जिथे थांबला होता त्याच्याही अलीकडे येऊन थांबला. मुंगी मान वाकवून स्वतःच्या पायांकडे बघत होती. पोट मध्ये येत असल्यामुळे तिला आकडा दिसत नव्हता. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं टम्म फुगलेलं, असं ते ध्यान होतं.

"वाढलं?"

"वाढेल."

"म्हणजे नाही वाढलं," मुंगी म्हणाली आणि पिनेसाठी हात पुढे केला.

सहा वर्षांची पोर, पण दवाखान्याच्या वाऱ्या करून करून मोठ्यांची भाषा तिला तोंडपाठ झाली होती. वाढेल म्हणजे नाही वाढलं, बघू म्हणजे नाही मिळणार आणि अजिबात दुखणार नाही म्हणजे सुई. मुंगी हे नाव तिच्या आजोबांनी, अप्पांनी ठेवलेलं. जन्मली तेव्हा ती त्यांच्या पंज्यात मावली होती. तेव्हा ते सगळ्यांना गमतीचं वाटलं होतं.

उद्या डॉक्टरांकडे जायचं होतं. पोटाच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं. रक्ताचा अहवाल धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. महिनाभर गहू पूर्ण बंद करून बघा, अगदी कणभरही नको. सुधारली तर प्रश्न मिटला. नाही सुधारली तर तिला भरती करून घेऊ, मग दुसरं काही आहे का ते शोधावं लागेल.

दुसरं काही म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि विचारायची छाती कुणाला झाली नव्हती. तेव्हापासून ते दोन शब्द घरात एखाद्या न बोलावलेल्या पाहुण्यासारखे बसून होते.

गव्हाशी वैर असलेलं पोर जन्माला यावं ते बेकरीवाल्याच्या घरात! खाली बेकरी, वर घर. भट्टीची ऊब जिन्यातून वर यायची आणि पिठाचा वास पडद्यांनाही यायचा. तरी सगळ्यांनी कंबर कसली होती. मुंगीला खालच्या मजल्यावर बंदी झाली. खालून वर येणाऱ्याने आंघोळ करून कपडे बदलल्याखेरीज तिला जवळ घ्यायचं नाही असा नियम झाला. तिची भांडी वेगळी आणि फळीही वेगळी. पहिले पंधरा दिवस गुण आला. गाल जरा भरले, एका दुपारी तिने भात पुन्हा मागून घेतला, तेव्हा तिची आजी, माई, देवाला काय काय बोलली ते तिलाच ठाऊक. आणि मग सगळं पुन्हा मुळावर आलं. पोट दुखणं, रात्रीचं रडणं आणि दिवसातून चार वेळा संडासात धावणं.

मुंगीच्या आईने काटा कॉटखाली सरकवला. ती एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. केसाएवढा फरक तिच्या डोळ्यांना दिसायचा आणि आपल्या घरात मात्र तिला काही दिसत नव्हतं. तिथेच जमिनीवर बसल्या बसल्या तिच्या मनात एक विचार आला. कुणीतरी मुंगीला चोरून पाव देत असू दे. घरातच चोर असू दे. कारण चोर नसेल, सगळे खरंच प्रामाणिक असतील, तर मग दुसरं काही.

तिने उठून नणंदेला फोन लावला. "आक्का, आज येता का? तुमचं काम आहे."

*

आक्का विमा कंपनीत दावे तपासायची. आगीत जळालेली दुकानं, पाण्यात बुडालेला माल आणि उभ्या उभ्या चोरीला गेलेल्या गाड्या. माणसं खोटं बोलताना आधी फार बोलतात आणि मग पाणी मागतात, हे तिला पगार घेऊन शिकायला मिळालं होतं. भावजयीचं आणि तिचं फारसं पटायचं नाही. भावजयीला ती लग्नापासून 'चष्मेवाली' म्हणायची आणि ते नेहमी लाडानेच असायचं असं नाही. गेल्याच आठवड्यात चष्मेवालीने दुकानाजवळ भाड्याची जागा बघितल्याचं घरात कळलं, तेव्हा पहिला आवाज चढला होता तो आक्काचा. तेव्हापासून अप्पा सुनेशी बोलत नव्हते. माई बोलत होती, पण भांड्यांच्या आवाजात.

तरी फोनवरचा तो आवाज ऐकून आक्का दुसऱ्या बसची वाट न बघता रिक्षाने आली.

जेवणाच्या टेबलाशी चौघं बसली. मुंगी बाहेरच्या खोलीत रंगपेटी घेऊन पालथी पडली होती. स्वयंपाकघराचं दार बंद होतं, कारण आत अप्पा मुंगीचा पाव करत होते, आणि अप्पांचा हात पिठात असताना तिथे कुणी जायचं नाही हा या घराचा जुना शिरस्ता. त्यांच्या वडिलांनी त्यांना तसंच शिकवलं होतं. बोलणाऱ्या माणसाचा पाव बसतो, म्हणायचे. नातीसाठी अप्पा या वयात तांदळाचा पाव शिकले होते. मुंगीला घरातला पाव खाता येत नाही हे त्यांना फार लागलं होतं. पहिला पाव विटेसारखा झाला, दुसरा चिखलासारखा. तिसरा मात्र उभा राहिला, आणि तेव्हापासून एक दिवसाआड तो होत होता.

"आता मी विचारते त्याचं सरळ उत्तर द्यायचं," आक्का म्हणाली. "कुणी रागवायचं नाही. शाळेत काय?"

"डबा मी देते," मुंगीची आई म्हणाली. "भात, नाहीतर उकडलेला बटाटा, अंडं. बाईंना सांगून ठेवलंय, त्या जवळ बसवून घेतात. कुणाच्या डब्यातलं घेऊ देत नाहीत."

"शेजारी?"

"जातच नाही ती कुठे. अंगात त्राण आहे का?"

आक्काने मान फिरवून भावाकडे बघितलं. तो पावाची गाडी चालवायचा, दुकानादुकानांतून माल टाकायचा. धिप्पाड माणूस, पण बहिणीने असं बघितलं की अजून शाळकरी व्हायचा.

"मी काही दिलं नाही," तो म्हणाला. "मी कशाला देईन? माझीच मुलगी आहे. मला काय कळत नाही का? गाडीत तर मी तिला घेतही नाही हल्ली. म्हणजे घेतच नाही असं नाही, एकदा घेतलं होतं..." तो थांबला. "पाणी दे गं जरा."

"कधी घेतलं होतंस?" आक्का म्हणाली.

तो मान खाली घालून बसला. "पहिल्याच आठवड्यात. रडत होती. फक्त एक बिस्किट मागत होती गं. कसं नाही म्हणू?"

आता स्फोट होणार म्हणून माईने डोळे मिटून घेतले. पण मुंगीची आई खुर्चीवरून अर्धी उठली आणि तिने नवऱ्याचा हात धरला.

"एकच?"

"एकच."

"नीट आठव. नंतर? परवा, तेरवा?"

"नाही गं, शपथ!"

"रोज देत होतास ना? मी काही बोलणार नाही. एका शब्दाने बोलणार नाही. सांग ना, रोज देत होतो म्हणून."

तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याला काही उमगेना. आक्काच्या मात्र लक्षात आलं. आजवर तिच्यासमोर बसून माणसांनी गुन्हे नाकारले होते. कुणी असा गुन्हा हात जोडून मागितला नव्हता. तिला आपल्या पर्सचा पट्टा उगाच घट्ट धरावासा वाटला.

माईच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. घड्या घालायला जवळ ओढलेली वाळलेल्या कपड्यांची टोपली तिने पायाने दूर केली.

"कळतंय मला हे कुठे चाललंय ते. मुलाचं झालं, आता सासूचा नंबर. सरळ म्हण ना, म्हातारीनं पोरीला घास भरवला. बोलावलंस ते माझ्याच लेकीला, माझी उलटतपासणी घ्यायला!"

"माई, तसं नाही."

"मग कसं? तू जागा बघून ठेवलीच आहेस. आता निमित्त मिळालं की झालं. सासूचा हात घाण, सासऱ्याचं घर घाण, चला!"

"माई, तुम्ही दिलं असेल ना," मुंगीची आई म्हणाली, "तर मी आत्ता इथे तुमच्या पाया पडेन. कुठे जाणार नाही. जन्मभर इथेच राहीन. फक्त दिलंय म्हणा. नाहीतर उद्या ते तिला आत घेतील आणि शोधायला लागतील, आणि त्यांना काहीतरी सापडेल."

शेवटचे शब्द तिने इतक्या हळू उच्चारले की बाहेरच्या खोलीतल्या खडूचा आवाज त्यापेक्षा मोठा वाटला.

माईचा राग कुठल्या कुठे गेला. या बाईला आपण इतके दिवस भांडकुदळ समजत होतो आणि ती भीतीने अर्धी झाली होती. माईने खुर्ची सरकवली आणि सुनेच्या शेजारी जाऊन बसली. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

"नाही गं दिलं," ती म्हणाली. "देवाशपथ नाही दिलं. किती वेळा वाटलं, हात पुढे केला नि मागे घेतला. तेव्हा दिलं असतं तर आज बरं झालं असतं, नाही का?"

माईला हात रिकामे ठेवून बसता यायचं नाही, म्हणून तिने टोपली पुन्हा ओढली आणि घड्या घालायला लागली.

आक्काने घसा साफ केला. काहीतरी विचारत राहायला हवं होतं. "हे कपडे सगळे एकत्र धुता?"

"छे! मुंगीचे वेगळे. बेकरीचे खाली. अप्पांचा हा वरचा एप्रन, मुंगीचा पाव करायचा, तोही वेगळा. तिच्या आईनंच नवा आणलाय ना," माई म्हणाली, आणि उन्हात कडक झालेला पांढरा एप्रन तिने झटकला. "नवा असून तीच कटकट. भिजत घालायच्या आधी खिसा उलटा करून घासावा लागतो, नाहीतर लगदा धरतो."

"कसला लगदा?"

"पिठीचा. तुझ्या बापाचा खिसा कधी रिकामा असतो का?"

माई हे अगदी सहज म्हणाली. लग्न झाल्यापासून ती त्या खिशातली पिठी झाडत आली होती. टिनाला पाव चिकटू नये म्हणून अप्पा चिमूटभर कोरडं पीठ भुरभुरायचे, आणि दोन्ही हात गुंतलेले असताना डबा उघडत बसायला नको म्हणून ते पीठ खिशात असायचं. दुसरी माणसं रुमाल ठेवतात तसं.

"माई," आक्का म्हणाली, "हा मुंगीच्या पावाचा एप्रन आहे. यात कुठली पिठी?"

माईचे हात घडीवरच थांबले.

मुंगीची आई केव्हाच उठली होती.

*

आत अप्पा आपल्या नादात होते. पीठ मनासारखं सैल झालं होतं. तांदळाचं पीठ गव्हासारखं हाताला धरत नाही, त्याला दटावून चालत नाही, गोंजारावं लागतं. हे त्यांना सत्तरी जवळ आल्यावर कळत होतं आणि त्याची गंमत वाटत होती. उद्या पोर दवाखान्यात जाणार. तिथे भूक लागली तर जवळ काहीतरी हवं, म्हणून आज त्यांनी दोन पाव करायचे ठरवले होते. ते आंघोळ करून आले होते. धुतलेले कपडे, सुनेने आणलेल्या जोडीतला दुसरा एप्रन, नवं टिन, नवा चमचा. टिनाला तेलाचं बोट फिरवून झालं.

धाडकन दार उघडलं. या घरात ते दार असं कधी उघडलं नव्हतं.

"अप्पा, हात तसाच ठेवा," आक्का म्हणाली.

त्यांचा उजवा हात टिनाच्या वर होता, अंगठा आणि दोन बोटं जुळलेली. दारात सगळी उभी होती, बायको, मुलगा, लेक आणि आठवडाभर ज्या सुनेकडे त्यांनी बघितलं नव्हतं ती.

"काय झालं? पोरीला काय झालं?"

"हातात काय आहे?"

"पिठी."

"कसली?"

तांदळाची, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मग ते थांबले. बोटं एकमेकांवर चोळली. तांदळाचं पीठ रवाळ लागतं, हे मऊ होतं. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली. सगळी हयात त्या चवीत गेली होती, ती ओळखायला ते चुकणं शक्य नव्हतं.

"ही मी कुठून घेतली?" त्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

उत्तर मुंगीच्या बाबाने दिलं. खाली ओल असते म्हणून पिठाची पोती वरच्या गॅलरीत ठेवलेली. अप्पांच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे यायची वाट तिथूनच. तोंड सोडलेल्या पोत्याशी त्यांचा हात आपोआप आत जायचा, मूठ खिशात पडायची, पाय पुढे चालत राहायचे. मुलाने ते लहानपणापासून हजारदा बघितलं होतं, म्हणूनच त्याला ते कधी दिसलं नव्हतं. सगळं घर शाळा, शेजार, बिस्किटं शोधत होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

आणि तेवढ्यात मुंगीची आई हसायला लागली. ती दाराच्या चौकटीला पाठ लावून खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. "सापडलं," एवढंच ती म्हणत होती. "सापडलं गं बाई, सापडलं."

"बहुतेक," आक्का म्हणाली. "उद्या डॉक्टरांना सगळं सांगू. भरती थोडी पुढे ढकलता येते का विचारू. पाव सुरू झाला आणि तब्येत उतरली, दिवस जुळतायत. पण बहुतेकच म्हणायचं."

मुंगीच्या आईला बहुतेकही पुष्कळ होतं. तिच्या छातीवरून कुणीतरी दगड उचलला होता. तो कुणाच्या छातीवर नेऊन ठेवला हे बघायचं भान त्या घडीला तिला नव्हतं.

अप्पा ओट्याला धरून उभे होते. ज्या पोरीला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं, तिला एक दिवसाआड, स्वतःच्या हाताने, प्रेमाने, ते हेच खाऊ घालत होते. आणि पाव खाऊन तिने "अप्पा, हा खरा पाव आहे" म्हटलं की त्यांना धन्य वाटायचं.

"मी खिसा शिवून टाकते," माई घाईघाईने म्हणाली. "आत्ता शिवते. पोती खाली नेऊ. झालं."

"खिसा शिवशील," अप्पा म्हणाले. "हात?"

"अहो, असं काय बोलता!"

"मला आठवतच नाही गं. आज सकाळी मूठ भरली, मला आठवत नाही. उद्या आणखी काय करेन ते मला कसं कळणार?" मग ते मुलाकडे वळले. "ती जागा. हिनं बघितलेली. अजून आहे का रिकामी?"

"अप्पा, आता काय गरज आहे?" मुलगा म्हणाला.

"विचार फोन करून. तिला घेऊन जा इथून. या घरात भिंतींनाही पीठ आहे."

मुंगीची आई उठून उभी राहिली. गेला महिनाभर तिला हेच हवं होतं. यासाठी ती भांडली होती, आणि नवऱ्याशी अबोला धरला होता. आता ते आयतं हातात पडत होतं आणि तिच्या तोंडून हो निघेना. खरं तर तिला जायचंच होतं. अजूनही जायचंच होतं. पण असं, म्हाताऱ्या माणसाने स्वतःला घराबाहेर काढल्यासारखं नको होतं.

माईकडे बघितलं तर ती पदराने डोळे पुसत होती, पण नाही म्हणत नव्हती. "भांडी मी नवी घेऊन देईन," ती सुनेला म्हणाली. "इथलं एकही नेऊ नकोस."

एवढ्या आवाजांनी मुंगी उठून आली होती. हातांना निळा खडू लागला होता. सगळ्यांच्या पायांमधून वाट काढून ती आत शिरली. तिला फक्त अप्पा दिसत होते आणि अप्पांचं तोंड तिने असं कधी बघितलं नव्हतं. तिने दोन्ही हात वर केले.

"अप्पा, घ्या."

अप्पा मागे सरले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे लपवले.

"थांब हां. जवळ येऊ नको. आधी हात धुतो."

ते मोरीशी गेले. साबण लावला, कोपरापर्यंत घासला, पाणी सोडलं. पुन्हा साबण लावला. नखांत बघितलं, पुन्हा घासलं. मुंगी हात वर करून उभीच होती. एक हात दुखायला लागला तसा तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"झाले की," ती म्हणाली.

"नाही झाले."

पाणी वाहत राहिलं. मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. अप्पा तिसऱ्यांदा साबणाकडे वळले तेव्हा मुंगीची आई पुढे झाली, तिने नळ बंद केला आणि त्यांच्या हातातून साबण काढून घेतला.

"पुरे, अप्पा. घ्या तिला."

"नक्की?"

"माझी मुलगी आहे. मी सांगते ना, घ्या."

अप्पा वाकले. त्यांनी मुंगीला उचललं, पण पंजे लावले नाहीत. दोन कोपरांच्या मध्ये तिला कसंबसं धरलं आणि ओले हात तिच्यापासून जमतील तितके लांब, हवेत तसेच ठेवले.

"असं कुणी धरतं का?" मुंगी हसत म्हणाली. "मी पडेन ना!"